पळस्पे फाट्यावरची बिडी





पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर दोन वाटा फुटतात. एक खोपोलीवरून बोरघाट चढून देशावर जाते, दुसरी कर्नाळ्यावरून कोकणात उतरते. कोकणातून आळंदीला पायी निघालेले काही वारकरी इथून घाटाची वाट धरतात.

याच फाट्यावर एक माळकरी गृहस्थ आम्हांला भेटले. उभा जन्म ट्रकवर गेलेला, कंबर कायमची धरलेली, हाती बिडी. आम्ही काही बोलण्याआधीच ओशाळून म्हणाले, "महाराज, बाकी सगळं सुटलं, पण ही सुटत नाही. कळ आली की दोन झुरके मारतो; तेवढाच जीव थंडावतो."

आम्ही त्यांना नरकाची भीती घातली नाही. ज्याला रात्ररात्र झोप नाही, त्याच्या हातची बिडी ही चैन नव्हे, तो त्याचा आधार होय. तो आधार खोटा आहे, एवढेच आपण प्रेमाने दाखवावे.

खोटा कसा? बिडीतले निकोटिन काही सेकंदांत मेंदूला पोचते आणि कळ थोडी बधिर होते. पण दोनएक तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते, जीव कासावीस होतो, आणि त्या तगमगीत कंबर अधिकच ठणकते. पुन्हा बिडी ओढली की बरे वाटते, ते पुष्कळसे तिनेच लावलेली तगमग शमते म्हणून! सावकाराने आपल्याच कणगीतले दाणे चोरून आपल्यालाच कर्जाऊ द्यावेत आणि आपण त्याला दाता म्हणावे, तशातली ही गत. शिवाय धुराने मणक्यांमधल्या गाद्यांचे रक्त तुटते, मोडलेले हाड सांधायला उशीर लागतो.

मग सोडावी कशी? आम्ही एकच विचारले, "बाबा, कंबर हलकी झाली तर आधी काय कराल?" त्यांचे डोळे भरून आले. "आळंदीपर्यंत चालत जाईन. चार वर्षं झाली, दिंडी जाते आणि मी इथूनच हात जोडतो."

आम्ही म्हटले, "मग आमच्यासाठी सोडू नका, कोणाच्या धाकानेही सोडू नका. त्या वाटेसाठी सोडा." कंबर पुरती बरी होईल, असे वचन मात्र आम्ही दिले नाही. कळ कदाचित राहील; तिच्यावर चढणारे व्याज थांबेल.

आता व्यवहार. एखादी एकादशी धरून दिवस ठरवा. पहिले दोन-तीन दिवस फार कठीण. चिडचिड होईल, दुखणेही वाढल्यासारखे वाटेल. महिन्याभरात ते बहुतेक ओसरते. म्हणून आधीच डॉक्टरांना भेटून दुखण्याचे औषध, शेक, व्यायाम ठरवून घ्या. त्यांनी निकोटिनचे च्युइंगम दिले तर ते घेण्यात कमीपणा नाही. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि तलफ आली की दहा मिनिटे नामात घालवा. लाट येते तशी जातेही.

घरच्या मंडळींनो, एखादे दिवशी पुन्हा बिडी हातात दिसली तर टोमणा मारू नका. घाटात ठेच लागली म्हणून वारकरी पळस्प्याला परत फिरतो काय? तो धूळ झटकतो, पुढची पताका बघतो आणि चालू लागतो. त्याला हात द्यायला आपण शेजारी असावे, हीच आपली सेवा.

रामकृष्णहरि!