निरोपाचे भाषण आणि घरातली अमानत

आमची उर्दू शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीसाठी प्रत्येक मुलाला दुसऱ्या शाळेचे दार ठोठवावे लागते, आणि काही मुलींच्या बाबतीत ते दार ठोठावलेच जात नाही. त्यामुळे आठवीचा अलविदाई जलसा आमच्याकडे नुसता खाण्यापिण्याचा कार्यक्रम नसतो. कंपनीतली पाळी बदलून घेऊन वडील येतात, कडेवर लहान मूल घेऊन आया येतात. मुले नज्म म्हणतात, सदर मुअल्लिमा दुआ करतात आणि मध्ये एक मोठे भाषण होते. २०२५ साली, ईदनंतर झालेल्या जलशात ते भाषण आमच्या वाट्याला आले. सदर मुअल्लिमा म्हणाल्या, "आपा, तुमचीही मुलगी आठवीतच आहे ना? मग यंदा शिक्षिका म्हणून नको, आई म्हणून बोला."

आमची मुलगी आठवीत होती हे खरे. पण ती आमच्या शाळेत नव्हती, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. हेही सर्वांना ठाऊक होते. जे कोणाला ठाऊक नव्हते ते वेगळेच होते.

आम्ही देहूत राहतो. त्या वर्षी तुकाराम बीज १६ मार्चला आली, म्हणजे ऐन रमजानात. गावात दिंड्या उतरलेल्या, इंद्रायणीच्या घाटापासून रस्त्यापर्यंत माणसेच माणसे, टाळमृदंगाचा आवाज घरात येत होता. घरात रोजे होते. संध्याकाळी इफ्तारचे ताट लावताना मुलगी एकेक खजूर मांडत होती. वर न पाहता ती म्हणाली, "अम्मी, मला वर्गातलं काही कळत नाही. मी पाठ करते आणि लिहून येते. तू कुणाला सांगू नको. अब्बूंनाही नको."

आम्ही शब्द दिला, अजान झाली आणि रोजा सोडला. खजूर काही घशाखाली उतरेना.

तेरा-चौदा वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतो. बी.एड.ला असताना आकलन आणि पाठांतर यांतला फरक आम्ही परीक्षेत सविस्तर लिहिला होता आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. आणि आमच्याच घरातली मुलगी आठ वर्षे पाठ करून लिहीत होती, ते आम्हाला दिसले नाही. अशा आईने तीन आठवड्यांनी माइकसमोर उभे राहून इतर आयांना काय सांगायचे?

प्रश्न आमच्या एकटीचा असता तर इथे मांडला नसता. शिक्षक, इमाम, कीर्तनकार, पुढारी किंवा एखाद्या समारंभात चार शब्द बोलायला उभा राहणारा साधा पालक, या प्रत्येकाच्या मागे एक घर असते. त्या घरातले काय व्यासपीठावर न्यायचे आणि काय घरीच ठेवायचे? न सांगणे म्हणजे ढोंग आहे का? आणि सगळे सांगून टाकणे म्हणजे प्रामाणिकपणा आहे का?

आमच्या मनात पहिल्यांदा आले ते डॉ. झाकिर हुसेन. उर्दू शाळेत शिकलेल्या कोणालाही त्यांच्याबद्दलची ही आठवण माहीत असते. १९२६ पासून १९४८ पर्यंत ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू होते. त्या काळात एकदा जामियाच्या प्राथमिक शाळेत मुलांचा कार्यक्रम चालू होता आणि ते स्वतः मुलांना मिठाई वाटत होते. त्यांची लहानगी मुलगी रेहाना घरी आजारी होती. कोणीतरी येऊन कानात सांगितले की ती गेली. त्यांचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. वाटप पूर्ण झाले, मुले हसत होती ती हसतच राहिली. नंतर कोणी विचारले तेव्हा, मुले इतकी आनंदात होती की मध्येच थांबणे बरे वाटले नाही, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले. पुढे कित्येक दिवस सकाळी त्यांची उशी ओली असे, असे त्यांच्या पत्नीने सांगितल्याचेही वाचनात येते.

ही आठवण आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे, सब्र या गुणाचे उदाहरण म्हणून. या वेळी मात्र आम्ही तिच्याकडे स्वतःच्या सोयीसाठी पाहिले. एवढ्या मोठ्या माणसाने घरातले दुःख समारंभात आणले नाही, मग आम्ही का आणावे? गोड बोलावे, शुभेच्छा द्याव्यात, खाली उतरावे. हा आधार दोन दिवस पुरला.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात एका विद्यार्थिनीची अम्मी भेटली. नवरा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामावर, ती स्वतः घरी शिवणकाम करते. मोठी मुलगी आमच्या आठवीच्या वर्गात, धाकटा पहिलीला जाण्याच्या वयाचा. ती म्हणाली, "आपा, धाकट्याला इंग्लिशलाच टाकायचं ठरवलंय. तुमचं बघूनच. तुम्ही स्वतः उर्दू शिकवता तरी पोरीला तिकडं घातली, म्हणजे तुम्हाला माहीत असणार ना. दोघांची फी झेपणार नाही, म्हणून मोठीला आता घरीच बसवते. शिवण शिकेल."

आम्ही चटकन काही बोललो नाही. घरी येताना रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात होती. आम्ही भाषण करायला उभे राहण्याच्या कितीतरी आधी आमचे भाषण होऊन गेले होते. आमची मुलगी रोज सकाळी पिवळ्या बसमध्ये चढत होती, तेच ते भाषण. ते सगळ्या वस्तीने ऐकले होते, आणि त्यावर विश्वास ठेवून एका मुलीचे शिक्षण थांबत होते.

तिथे झाकिरसाहेबांचे उदाहरण आमच्या हातातून सुटले. त्यांनी लपवले ते दुःख होते. ते लपवल्याने कोणत्याही मुलाचे काही हिरावले गेले नाही, उलट मुलांना त्यांचा आनंद पुरता मिळाला. गप्प राहण्याचा सगळा भार त्यांनी एकट्याने उचलला. आमच्या गप्प राहण्याचा भार कोण उचलणार होते? ती शिवणकाम करणारी बाई आणि तिची मुलगी. दिसायला दोन्ही गप्प राहणे सारखेच, पण पहिल्यात बोलणारा स्वतः सोसतो आणि दुसऱ्यात ऐकणाऱ्याला सोसावे लागते. पहिल्याला सब्र म्हणतात. दुसऱ्याला आमच्या भाषेत खियानत हाच शब्द आहे.

आणखी एक गोष्ट टोचत होती. याच झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेने नयी तालीमची योजना आखण्यासाठी समिती नेमली होती. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, ही त्या योजनेची एक मुख्य बाजू होती. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तितके शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावे असे आले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत तसा आग्रह आहे. हे सर्व आम्ही प्रशिक्षणांत ऐकले, पालकसभांत सांगितले. सूरह अस्-सफ्फच्या सुरुवातीला बोलणे आणि करणे यांतल्या अंतराबद्दल जी कडक विचारणा आहे, तीही आम्ही मुलांना शिकवतो.

मग जो तसे वागला नाही त्याने बोलूच नये काय? आम्हाला तसे वाटत नाही. तसे म्हटले तर जगातले निम्मे शिक्षक उद्या गप्प होतील आणि त्याने कोणाचेच भले होणार नाही. विडी ओढणाऱ्या डॉक्टरने विडी वाईट आहे असे सांगितले तर ते खोटे ठरत नाही. खोटे तेव्हा होते, जेव्हा तो आपल्याकडे पाहून लोकांना विडी निरुपद्रवी वाटू देतो आणि तोंड उघडत नाही. दोष अंतरात आहेच, पण ते अंतर झाकून त्यावर इज्जत मिळवण्यात त्याहून मोठा दोष आहे.

म्हणजे सांगायला हवे, हे ठरले. पण काय सांगायचे? सगळ्यात परिणामकारक गोष्ट तर मुलीचेच वाक्य होते. "माझी मुलगी आठ वर्षे इंग्रजी शाळेत आहे आणि तिला वर्गातले कळत नाही," एवढे माइकवर म्हटले असते तर सभागृह सुन्न झाले असते. कदाचित ती बाई तिथेच बदलली असती. आणि तरीही ते आम्हाला म्हणता येत नव्हते, कारण ते आमचे नव्हते.

इथे आमच्या गावच्या थोर माणसाने वाट दाखवली. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची एक पत्नी आणि मुलगा संतू गेला. पत्नी अन्नावाचून गेली हे त्यांनी स्वतःच्या अभंगात उघड सांगितले आहे. घरातले दुःख आणि आपली पडझड त्यांनी लोकांपासून लपवली नाही. पण आम्हाला त्याहून जास्त भिडली ती कर्जखतांची गोष्ट. लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवायला ते निघाले तेव्हा, परंपरा सांगते, धाकट्या भावाने, कान्होबाने, आपल्या संसाराची काळजी बोलून दाखवली. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाला दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून देहूत ऐकत आलो. आषाढीच्या वारीला पालखी निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. तिथे गर्दीत उभे राहून आमच्या नानींनीच ती पहिल्यांदा सांगितली होती. तेव्हा आम्हाला त्यात फक्त त्याग दिसला. आता त्यातला वाटा दिसला. एवढा विरक्त माणूस, पण भावाच्या हिश्शाला त्याने हात लावला नाही. सत्याचेही तसेच आहे. जो वाटा आपला, तो खुशाल नदीत सोडावा. जो दुसऱ्याचा, तो कितीही उपयोगी असला तरी अमानत असतो. मुले आपली असली तरी मुलांचे गुपित आपले नसते. पालक आणि शिक्षक दोघेही हे फार सहज विसरतात. भर वर्गात एखाद्या मुलाची अडचण बोलून दाखवून आम्ही स्वतः किती वेळा ते विसरलो, हे आठवून त्या रात्री लाज वाटली.

तेव्हा हिशेब असा झाला. आमची काळजी आणि झोप उडणे हे घरीच ठेवायचे, कारण ते सांगून कोणाला काही मिळणार नव्हते. मुलीचा शब्द तिचा होता, त्याला हात लावायचा नव्हता. निर्णय मात्र आमचा होता आणि लोक त्याच्यावर चालत होते, म्हणून तो उघड करायचा.

जलशात आम्ही आधी मुलांशी बोललो, मग पालकांकडे वळलो. इतकेच म्हटले, "आम्ही आमच्या मुलीला इंग्रजी माध्यमात घातले, ते अभ्यास करून नाही. भीतीने घातले. लोक काय म्हणतील आणि ती मागे पडेल, ही भीती होती. तो निर्णय बरोबर होता असे आम्ही आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून आमच्याकडे बघून कोणी काही ठरवू नका. आपल्या मुलाला समोर बसवून विचारा, तुला वर्गात कळतं का? आणि एकाच्या फीसाठी दुसरीला घरी बसवू नका."

टाळ्या थोड्याच पडल्या. एका सहकाऱ्यांना ते आवडले नाही. म्हणाले, "आपा, चांगल्या प्रसंगी हे कशाला?" त्यांचेही अगदी चूक नव्हते. ती शिवणकाम करणारी बाई काही न बोलता गेली. जूनमध्ये कळले की मोठी मुलगी नववीला उर्दू हायस्कूलमध्ये जाते, दोन बस बदलून. धाकट्याला मात्र त्यांनी इंग्रजीतच घातले. तो त्यांचा वाटा. त्यावर आमचा हक्क नाही.

एक शंका अजून फिटलेली नाही. "बरोबर होता असे सांगू शकत नाही," या आमच्या वाक्यातून हुशार माणसाने घरातले ओळखले नसेल का? कदाचित ओळखले असेल. आपला आणि दुसऱ्याचा वाटा कागदावर जितका नीट वेगळा होतो, तितका घरात होत नाही. निर्णय आमचा होता, पण तो जगत होती ती. म्हणून जलशाच्या आदल्या रात्री आम्ही तिला ती वाक्ये वाचून दाखवली होती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे बोल. बाकीचं मी अब्बूंना सांगते." आणि तिने ते सांगितलेही. आता ती संध्याकाळी विज्ञानाचा धडा आधी घरच्या भाषेत समजून घेते आणि मग इंग्रजीतून लिहिते. वेळ लागतो, पण "कळलं नाही" असे ती आता मोठ्याने म्हणते.

हा लेखही छापायला देण्यापूर्वी तिच्या हातात दिला. खजुरांच्या ताटाची गोष्ट तिने राहू दिली. दुसरीकडची दोन वाक्ये मात्र पेन्सिलीने खोडली. ती इथे नाहीत.