पुढचा खांब
अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये व्हाइट सँड्स नावाचं पांढऱ्याशुभ्र टेकड्यांचं वाळवंट आहे. वाळू जिप्समची; भर उन्हातही पायाला फारशी पोळत नाही. तिथली अल्कली फ्लॅटची पायवाट फिरून निघाल्या जागी येते. पण वाट अशी दिसत नाहीच. वारा पावलं पुसून टाकतो. वाळूत रोवलेले खांब तेवढे दिसतात. पुढचा खांब दिसला, तरच चाला. नाही दिसला, तर मागे फिरा.

मागे फिरणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. मला त्यातच खरं धैर्य दिसतं. रागात बोलताना, घाईत शब्द देताना जरा थांबावं. पुढचा खांब दिसतोय का? आज कुणाला काही कबूल करण्याआधी एवढं पाहा, मंडळी. नसेल दिसत, तर ‘उद्या सांगतो’ म्हणायला मुळीच लाजू नका.