त्याग कोणाचा?

मुलाच्या शिक्षणासाठी घरातले सोने गहाण पडावे, ही गोष्ट आम्हा परभणी जिल्ह्यातील कुटुंबांना नवी नाही. पाऊस दगा देतो, फी भरण्याची तारीख येते आणि आईच्या हातांतल्या पाटल्या सावकाराकडे जातात. पुढे मुलगा नावारूपाला येतो. सत्काराच्या भाषणांत त्याच्या कष्टांची थोरवी गायिली जाते. पाटल्यांची आठवण क्वचितच निघते. अशा वेळी आमच्या मनात येते, ध्येयासाठी झालेला त्याग नेमका कोणाचा?

दादासाहेब फाळके यांचे चरित्र हाच प्रश्न विचारते. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि राम-कृष्णांना असेच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. त्या माउलीने फिल्मला भोके पाडली, रसायने मिसळली, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. सत्यासाठी पत्नी व पुत्र विकणाऱ्या राजाचीच ती कथा! रोहिदास झाला होता फाळक्यांचा स्वतःचा मुलगा. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून फाळक्यांचे नाव राहिले. सरस्वतीबाईंचे किती जणांना ठाऊक आहे?

दूरच्या पोलंडमधील एका दिग्दर्शकालाही या प्रश्नाने गाठले होते. दहा आज्ञांवर ‘डेकॅलॉग’ ही चित्रमालिका करणारे क्रिस्तॉफ किश्लोव्स्की (१९४१-१९९६) यांचा ‘कॅमेरा बफ’ हा १९७९ चा चित्रपट. कारखान्यातला एक कामगार तान्ह्या मुलीचे चित्रण करण्यासाठी कॅमेरा घेतो. छंदाचे वेड होते. पत्नी घर सोडून जाते. अखेरीस तो कॅमेरा स्वतःकडे वळवतो. आपण ज्याला आत्मपरीक्षण म्हणतो, ते हेच.

मग ध्येय धरूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. सरस्वतीबाईंनी मनापासून दिले. परंतु प्रीतीने दिलेल्या दानाचा विसर पडला, तर ऋण अधिकच वाढते. गरीब विधवेची दमडी प्रभूने थोर मानली, कारण तिने जवळचे सारे दिले; आणि ते तिचे स्वतःचे होते. दुसऱ्याच्या हातातले दान आपण आपल्या नावाने वेदीवर ठेवत असू, तर आधी त्याला विचारावे आणि नंतर चारचौघांत त्याचे नाव सांगावे.

आपल्या घरात कोणाच्या पाटल्या गेल्या? येत्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर प्रत्येकाने हे घरी विचारून पाहावे.