पसंतीक्रम भीतीने भरू नये

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे पर्सेंटाइल हाती येते आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येऊ लागते : ‘टेन्शन घेऊ नकोस, सगळं चांगलं होईल.’ सांगणाऱ्याची माया खरी असते. पण चांगले म्हणजे काय, ते कसे होणार आणि नाहीच झाले तर पुढे काय, यातले काहीच त्या वाक्यात नसते. त्यामुळे ऐकणारी मुलगी मान डोलावते आणि रात्रभर जागी राहते. प्रवेशाच्या दिवसांत मन खंबीर राहते ते माहितीमुळे आणि वेळेवर केलेल्या तयारीमुळे, असे माझे ठाम मत आहे. ती तयारी एकट्या मुलीची नाही. ती घराची, शाळेची आणि गावाचीही आहे.

प्रवरेकाठचे, नगर-मनमाड रस्त्यावरचे कोल्हार घ्या. अशा बाजारपेठेच्या गावात जूनमध्ये ई-सेवा केंद्रापुढे रांग लागते. मुलीच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, शेजारी शेतातले काम टाकून आलेले वडील. फाइलमध्ये उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेयर, जात पडताळणीची पावती. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून आणलेला असतो. त्यावर नाव ‘बाळू’, आधार कार्डावर ‘बाळासाहेब’. आता ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, यासाठी प्रतिज्ञापत्र करा. संध्याकाळी सर्व्हर बंद पडतो आणि ‘उद्या या’ असे उत्तर मिळते. ही धावपळ नेमकी अर्ज भरण्याच्या आठवड्यात चालू असते. नॉन-क्रिमिलेयर किंवा वैधता प्रमाणपत्र मुदतीत दाखल झाले नाही, तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि खुल्या गटातून झुंजावे लागते. अशा वेळी त्या मुलीला प्रसन्न राहायला सांगणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. हीच फाइल अकरावीत असताना पूर्ण झाली असती, तर तिची निम्मी काळजी निर्माणच झाली नसती.

दुसरी गोष्ट आकड्यांची. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ८८ पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षा दिलेल्या दर शंभरांतले साधारण ८८ जण तिच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. पण घरात त्याची तुलना मामेभावाच्या बारावीच्या ९१ टक्क्यांशी होते आणि चांगली कामगिरी केलेली मुलगी उगीचच खाली मान घालते. सीईटी कक्ष मागच्या वर्षीचे कटऑफ महाविद्यालय, शाखा आणि प्रवर्ग यांनुसार जाहीर करतो. ते एका संध्याकाळी शांतपणे वाचले, तर आपल्याला कुठे सहज नंबर लागेल, कुठे लागू शकेल आणि कुठे नशिबाची साथ लागेल, हे बऱ्यापैकी कळते. अंधारातली भीती अशा वाचनानेच कमी होते.

खरी परीक्षा मात्र ऑप्शन फॉर्मची. इथे भीती प्रत्यक्ष नुकसान करते. ‘आपल्याला कुठे तिथे मिळणार?’ असे म्हणत मुले मनातले महाविद्यालय खाली टाकतात आणि हमखास मिळणारे पहिल्या क्रमांकावर लिहितात. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, तर ती जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्या बंद, असा नियम होता. दुसऱ्या फेरीत हीच अट पहिल्या तीन पसंतींना आणि तिसरीत पहिल्या सहांना लागू होती. त्याच वर्षी अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया पहिल्यांदा साऱ्या राज्यात झाली. तिथेही पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणारा पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होत होता. म्हणजे भीतीपोटी वर लिहिलेले नाव हेच अखेरचे ठरते. उलट आवडीचे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक आला की यंत्रणा तुमची यादी वरून खाली तपासते. पहिल्या ठिकाणी जागा नसेल, तर दुसऱ्या ठिकाणचा तुमचा हक्क तसाच असतो. महाविद्यालय प्रवेशाच्या याच कोड्यावर डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये गणिती निबंध लिहिला. त्या विचारातून उभ्या राहिलेल्या कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या संशोधनाने दाखवलेली एक गोष्ट आपल्या मुलांच्या फार कामाची आहे : नीट आखलेल्या पद्धतीत खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणे हाच शहाणपणा असतो. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून माहितीपुस्तिका आधी वाचावी. पण आशा ठेवणे इथे व्यवहाराचेही आहे, हे विसरू नये.

घाबरून घेतलेला निर्णय खिशालाही महाग पडतो. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अट अशी की, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही म्हणून धास्तावून व्यवस्थापन कोट्यात पैसे भरले, तर ही सवलत हातची जाते.

आता आक्षेप. जागाच कमी असतील, तर आशा काय करणार? हा प्रश्न रास्त आहे. २०२४ मध्ये नीट देणारे २३ लाखांहून अधिक होते आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखभराच्या आसपास. बहुतेकांना नकार मिळणारच. ते लपवून मुलांना स्वप्नात ठेवणे ही फसवणूक आहे. पण नकार जागेपुरता असतो, मुलाच्या कुवतीवरचा तो निकाल नसतो, हे त्याला परीक्षेच्या आधीच घरातून ऐकायला मिळायला हवे. शिवाय दुसरा आणि तिसरा रस्ता खरोखर विचार करून आखलेला हवा. ऐन वेळी समजूत घालण्यासाठी सुचवलेला रस्ता मुले लगेच ओळखतात.

कोल्हारकरांना हे रस्ते दूर शोधावे लागत नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने जवळच सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्यामागोमाग प्रवरा परिसरात शिक्षणसंस्था आल्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी लोणीला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. राहुरीचे कृषी विद्यापीठ तर १९६८ पासूनचे. तरीही पुण्याला नंबर लागला नाही की मुलगा हरला, असे गावात बोलले जाते. पुण्याची ओढ वाईट नाही. सीओईपीसारख्या संस्थेचे नाव यादीत सर्वांत वर जरूर लिहावे. पण घरून एसटीने जाऊन शिकलेली पदवी कमी मानायची, हे आधीच्या पिढीच्या कष्टांनाही न शोभणारे आहे.

म्हणून मागणी साधी आहे. शाळांनी अकरावीतच कागदपत्रांची तपासणी करावी. मे महिन्यात गावातल्या एखाद्या सभागृहात मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना या वर्षीच्या मुलांसोबत बसवावे, त्यात नंबर न लागलेलेही असावेत. आईवडिलांनी निकालाआधीच पाल्याशी तीन पर्यायांबद्दल मोकळेपणाने बोलावे आणि खर्चाचा आकडा त्याच्यापासून लपवू नये. पसंतीक्रम मात्र त्याचा त्याला लिहू द्यावा. एवढे केल्यावर ‘धीर धर’ हे शब्द पोकळ वाटणार नाहीत, कारण धीर धरण्याजोगे काहीतरी आपण त्याच्या हाती दिलेले असेल.