चार दिवसांचे पाहुणे

प्रवासाला निघण्यापूर्वी काय पाहायचे याची यादी आपण सगळेच करतो. काय पाहायचे नाही याची यादी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक मुक्काम जितका थोडा, तितकी ही दुसरी यादी महत्त्वाची. पहिली आणि कदाचित शेवटचीच भेट चार दिवसांची असेल, तर त्या शहराविषयी मत बनविण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो? हा प्रश्न केवळ सोयीचा नसून नीतीचा आहे, असे आम्हांला वाटते.

निमित्त दुबईचे. जुलै २०१९ मध्ये इंदूरहून दुबईला थेट विमान निघाले आणि आपल्या घरांतून ‘चार दिवस जाऊन येऊ’ ही भाषा सहज ऐकू येऊ लागली. जाणाऱ्यांच्या सामानात बहुधा दोन तयार मतांपैकी एक असतेच. एक, दुबई म्हणजे भूलोकीचा स्वर्ग. दुसरे, ती वाळूवर तेलाच्या पैशाने उभारलेली कृत्रिम नगरी. तिला ना इतिहास, ना संस्कृती. दोन्ही मते घरूनच नेलेली असल्यामुळे प्रत्यक्ष शहराला पुढे बोलायला काही उरत नाही.

यांपैकी दुसरे मत सुशिक्षितांना विशेष प्रिय, म्हणून ते आधी तपासू. दुबईला नदी नाही. समुद्राचे खारे पाणी गोडे करून ती तहान भागवते, हे खरे. पण आपल्या इंदूरचे काय? १९७८ पासून आपण नर्मदेचे पाणी पितो. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर, वाटेतला घाट चढवून, पंपांच्या बळावर ते आपल्या नळाला येते. ते पंप थांबले तर आपल्या स्वाभाविकपणाची परीक्षा दोन दिवसांत होईल. शहर म्हटले की थोडी कृत्रिमता आलीच. फरक असेल तर प्रमाणाचा. इतिहासाचेही तसेच. तेल सापडले १९६६ साली. त्याआधी कितीतरी वर्षे तिथल्या खाडीवर मोत्यांचा व्यापार चालत होता, आणि जपानी संवर्धित मोत्यांनी १९३० च्या सुमारास तो बुडवला. त्या बाजारात आपलाच रुपया चाले. १९५९ साली तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या.

खरा प्रश्न याहून खोल आहे. ते शहर कोणाचे? तिथल्या दहा माणसांतली जवळजवळ नऊ परदेशी आहेत. आपले पूर्वजही बाहेरूनच आले. होळकरांच्या चाकरीत कोणी शिपाई म्हणून, कोणी कारकून, कोणी भिक्षुक म्हणून माळव्यात उतरले. १८१८ च्या मंदसौर तहानंतर इंदूर राजधानी झाले आणि पिढ्या इथेच रुजल्या. ‘परत कधी जाणार?’ असे आपल्याला आता कोणी विचारीत नाही. दुबईत मात्र बहुतेकांचा मुक्काम नोकरीशी बांधलेला. नोकरी सरली की परवाना सरला. नागरिकत्व अगदी अपवादानेच मिळते. म्हणजे जो माणूस तिथे पंचवीस वर्षे विटा रचतो, हिशेब लिहितो, तोही पाहुणाच. चार दिवसांच्या पाहुण्याचे या पंचवीस वर्षांच्या पाहुण्याशी काही देणे लागते का?

कोणी म्हणेल, मुळीच नाही. तो स्वेच्छेने गेला. त्याच्या पैशावर गावाकडे घर उभे राहते. आपण खर्च करतो त्यातला वाटा त्यालाही पोहोचतो. यात तथ्य आहे. कीव करणे हाही एक अपमानच, आणि मजुरांच्या वस्त्या ‘बघायला’ जाणे म्हणजे माणसांचे प्रदर्शन मांडणे. आम्ही तसे सुचविणार नाही. पण देणे फेडता येत नाही म्हणून ते नाहीच असे ठरत नाही. आपण जाण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडतो, कारण उन्हाळा असह्य. तिथल्या कायद्यानेच १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद असते. याचा दुसरा अर्थ, उरलेल्या वेळी ते चालू असते. ऋतू निवडण्याची मुभा ज्यांना नाही, त्यांच्या घामावर आपली सहल उभी आहे, एवढे तिकीट काढताना ठाऊक असावे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बुर्ज खलिफा अवश्य पाहावा. माणसाने ८२८ मीटर उंच काही उभारावे, याचे नवल वाटण्यात लाज कसली? पण एक सकाळ जुन्या खाडीला द्यावी. अल फहिदीतले वाऱ्याचे मनोरे पाहावेत, वीज नसताना माणसे तिथे कशी राहत असतील याचा विचार करावा, अब्रा होडीने नाममात्र भाड्यात पलीकडे देऱ्याच्या मसाल्यांच्या गल्लीत जावे. अर्धा दिवस कोरा ठेवावा. टॅक्सीवाल्याला, वाढप्याला त्याचे गाव विचारावे आणि तो सांगेल तेवढेच ऐकून घ्यावे.

परतल्यावर ‘दुबई अशी आहे’ असे म्हणू नये. ‘आम्हांला एवढे दिसले’ असे म्हणावे. राजवाडा पाहून, सराफ्यात खाऊन दुसऱ्या दिवशी परतणारा कोणी इंदूरवर निकाल देऊ लागला, तर आपण त्याला ‘थोडे राहून पाहा’ असेच म्हणतो. तेवढा न्याय दुसऱ्याच्या गावालाही मिळायला हवा.