थाप मारण्याची मुभा

हैदराबादच्या सुलतान बाजारात, बडी चावडीपासून कोठीपर्यंत, कापडाचे तागे उलगडून दाखवत दिवसभर उभ्या असलेल्या मुली दिसतात. निवडणुकीच्या आदल्या दिवशी शेठनं ‘बटण कुठलं दाबणार?’ असं विचारलं, तर त्यांतली शहाणी ‘तुम्ही सांगाल तेच’ म्हणते. आत जाऊन काय करते, ते तिलाच ठाऊक. खातरजमा करता येत नाही, म्हणूनच ही थाप पचते. खोटेपणाची बाजू घेतोय खरा. पण कायदाही तिच्याच बाजूचा आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ सांगतं की, मत कुणाला दिलं हे सांगण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही.

मोबाईल आत गेला की ही मुभा संपली. मतदानयंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे, मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी सात सेकंद दिसते. फोटोला तेवढी पुष्कळ झाली. मग शेठ म्हणणार, ‘दाखव बघू.’ पैसे वाटणाराही तेच म्हणणार.

‘माझं मत, माझा फोटो, तुमचं काय गेलं?’ असं हौशी मतदार विचारतात. गेलं ते त्या मुलीचं. गल्लीतल्या दहा जणांनी मिरवत फोटो टाकले की अकराव्या मुलीचा फोटो का नाही, याची चौकशी सुरू होते. आपलं मत उघड करणारा दुसऱ्याचा आडोसा काढून घेतो, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून १९६१च्या निवडणूक नियमांतला ‘४९एम’ गुप्तता ही मतदाराची मर्जी मानत नाही. सांगूनही पद्धत न पाळणाऱ्याला केंद्राध्यक्ष मतदान करू देत नाही आणि नोंदवहीत तसा शेरा मारतो.

मतदान केंद्रात मोबाईल नेण्यावरच्या बंदीचा जाच होतोच. नोव्हेंबर २०२४मध्ये, डिजिलॉकरमधलं ओळखपत्र दाखवायचं कसं, असा सवाल करत मोबाईलबंदीविरुद्ध याचिका दाखल झाली. मुंबई उच्च न्यायालयानं ती फेटाळली. एकट्यानं आलेल्या म्हाताऱ्यानं फोन ठेवायचा कुठे, हाही प्रश्न होताच. मे २०२५मध्ये निवडणूक आयोगानं केंद्राच्या दाराशी खण किंवा तागाच्या पिशव्या ठेवायचं ठरवलं. इतकी साधी गोष्ट सुचायला फार वर्षं लागली.

मतदान केंद्रातल्या सरकारी कॅमेऱ्याचं गणित मात्र उलटं आहे. तो रांग टिपतो, कर्मचाऱ्यांचं काम टिपतो. मतदान कक्षात डोकावत नाही. डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलून हे चित्रण लोकांना पाहायला बंद झालं. पुढे, निवडणूक याचिका नसेल तर निकालानंतर ४५ दिवसांनी ते नष्ट करायची मोकळीकही मिळाली. कोण आलं, कोण नाही हे कळलं तर मतदारांवर दडपण येईल, हे आयोगाचं म्हणणं खोटं नाही. पण मुलीचं गुपित राखायच्या नावाखाली मतदान अधिकाऱ्यांचं कामही पडद्याआड का जावं? चेहरे पुसट करून ते चित्रण दाखवणं आयोगाला जमू नये, हे मला पटत नाही.