शंकासमाधान : घरातले दुःख मंडळीबाहेर न्यावे का?

शंका : माझे यजमान रोज पितात, हातही उचलतात. पाळकसाहेबांना विश्वासाने सांगितले. पुढच्याच बुधवारी घरगुती प्रार्थनासभेत यजमानांचे नाव घेऊन विनंती झाली आणि रविवारपर्यंत माझ्या माहेरी बातमी पोचली. आता नणंद म्हणते, शहरात ख्रिस्ती समुपदेशन केंद्र आहे, तिथे जा. यजमान म्हणतात, विश्वासणाऱ्यांनी आपले वाद बाहेर नेऊ नयेत असे पौलानेच लिहिले आहे.
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

समाधान : ताई, आधी यजमानांच्या वचनाचे बघू. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल भावाभावांमधल्या दाव्यांबद्दल बोलतो. फसवणूक, लुबाडणूक आणि त्यासाठी एकमेकांना कोर्टात खेचणे, हा तिथला विषय आहे. मार खाणाऱ्या बायकोने मदत मागू नये, असे त्यात कुठेही नाही. त्याच अध्यायात चार ओळी पुढे दारूबाजांचाही उल्लेख येतो. तो यजमानांना पाठ कसा नाही, हे मी विचारत नाही.

दुसरी गोष्ट मंडळीची. प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली आपल्याकडे जेवढ्या घरांच्या भानगडी फिरतात, तेवढ्या पारावरही फिरत नसतील. गुपित फोडणाऱ्याबद्दल नीतिसूत्रांनी काय म्हटले आहे ते प्रत्येक प्रार्थनासभेच्या आरंभी वाचावे, असे माझे मत आहे.

पाळकसाहेबांच्या मनात वाईट होते असे मी म्हणत नाही. त्यांची अडचण निराळी आहे. ज्याच्याबद्दल तुम्ही तक्रार करता, तो कदाचित पंच कमिटीत बसतो, नाताळची वर्गणी गोळा करतो, अर्ध्या मंडळीचा सोयरा असतो. त्याला खडसावून पाळकांना पुढच्या रविवारी त्याच्याच हातात प्रभुभोजनाची भाकर द्यायची असते. केंद्रातला समुपदेशक या गुंत्याच्या बाहेर असतो. तो तुमच्या सासरचे काही देणे लागत नाही, म्हणून तो तुमचे सगळे ऐकू शकतो आणि यजमानांना तोंडावर दोन शब्द सुनावूही शकतो.

दारूच्या बाबतीत तर हा मार्ग आपल्याच राज्यात तुडवलेला आहे. फादर ज्यो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आधाराने कृपा फाउंडेशन सुरू केले. वसईतही त्यांचे केंद्र आहे. तिथे व्यसनी माणसाला जातधर्म विचारत नाहीत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना त्यांनी अय्यंगार योगाची जोड दिली. योग म्हटल्यावर काही बंधूंच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू द्यात. यजमान जायला तयार नसले तरी तुम्ही थांबू नका. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, तिथे आडनाव सांगावे लागत नाही.

मारहाणीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. क्षमा करणे आणि मार खात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो समुपदेशक तुमची सुरक्षितता न विचारता दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू लागेल, त्याच्याकडून उठून या, मग त्याच्या भिंतीवर क्रूस कितीही मोठा असो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सासरच्या घरात राहण्याचा तुमचा हक्क मान्य केला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. 181 हा महिला मदतीचा क्रमांक फोनमध्ये जपून ठेवा.

शंका : आमच्या मुलाला नैराश्यावर गोळ्या चालू आहेत. एका सभेत सेवकांनी हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितले, आता गोळी घेतली तर तो अविश्वास. गोळ्या बंद कराव्यात का?

समाधान : नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका. अशी औषधे एकदम सोडली तर त्रास वाढू शकतो. हिज्कीया राजाला तर बरे करण्याचे वचन खुद्द देवाकडून आले होते, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली. तो अविश्वास होता काय? मरण मागत झुडुपाखाली पडलेल्या एलीयालाही देवदूताने आधी भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. देवाशी बोलणे त्यानंतर झाले. आपण मात्र माणूस उपाशी आणि जागा असताना त्याला उपासाला बसवतो.

गोळ्यांचे प्रमाण मानसोपचारतज्ज्ञ ठरवतो, समुपदेशक नव्हे. पण रोजचा दिवस कसा काढायचा, घरच्यांनी काय बोलू नये, हे समुपदेशकाकडून शिकता येते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागायम येथील मानसोपचार केंद्रात रुग्णाबरोबर घरच्यांनाही राहायला घेतात, ते याचसाठी. मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली तर रात्र असली तरी 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे.

शंका : चर्चच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा समुपदेशन सुरू करावे असे वाटते. कोणती काळजी घ्यावी?
— एक पाळक, मराठवाडा

समाधान : पाळकसाहेब, सुरुवातीला पाटीवर ‘समुपदेशन’ लिहू नका. ऐकून घेण्याची जागा एवढेच म्हणा. इयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले. वेल्लोरच्या ख्रिश्चन काउन्सेलिंग सेंटरने अनेक पाळकांना हे शिक्षण दिले आहे. मंडळीतली एखादी शिक्षिका किंवा परिचारिका असे प्रशिक्षण घेऊन आली तर खर्च मंडळीने उचलावा. गायनवृंदाच्या नव्या कीबोर्डला पैसे निघतात, याला का निघू नयेत?

खोलीला दार असावे, दाराला काच असावी. भेटायला येणाऱ्यांची वही कमिटीपुढे ठेवू नका. खोलीत ऐकलेली गोष्ट नाव बदलूनही उपदेशात दाखला म्हणून वापरू नका. छोट्या गावात नाव बदलल्याने कोणी फसत नाही. आणि गुप्ततेचा शब्द देताना त्याला एक अपवाद आहे, तोही पहिल्याच भेटीत सांगा : अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आरोपी मंडळीचा पंच असला तरी.